बरोबर खेळूनही हरतो तेव्हा : ऑनलाइन पोकर स्पर्धांचं गणित

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पोकरमध्ये जिंकायचं कसं, हे सांगायला मी आलेलो नाही. त्या आशेने कोणी आलं असेल, तर मागच्या दाराजवळच्या खुर्च्या सोयीच्या आहेत. (हशा)

आजचा प्रश्न वेगळा आहे. ऑनलाइन पोकरच्या स्पर्धा खेळणारी माणसं इतकी वैतागलेली का असतात? कुठल्याही खेळात हरणारा माणूस चिडतो, पण इथली चिडचिड निराळी आहे. बुद्धिबळात हरलेला माणूस म्हणतो, 'घोडा चुकीच्या घरात गेला.' पोकर स्पर्धेतून बाहेर पडलेला माणूस म्हणतो, 'मी सगळं बरोबर केलं होतं, तरी असं झालं.' आणि गंमत म्हणजे पुष्कळदा तो खरंच बोलत असतो. हे कसं होतं, आणि त्यातून माणसं कोणते चुकीचे निष्कर्ष काढतात, हे आज आपण आकडेमोड करून बघणार आहोत. आकडेमोड सोपी आहे, गुणाकार-भागाकारापलीकडे जाणार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. आपल्याकडे तीन पत्ती सगळ्यांना माहीत असते. निदान दिवाळीत शेजारी खेळतात म्हणून तरी. (हशा) सर्वात जास्त खेळला जाणारा पोकरचा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डम. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात. मग मधे पाच पानं उघडी टाकतात, ती सगळ्यांची. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. दर टप्प्यावर पैसे लावायचे. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानांची जुळणी सर्वात भारी, त्याचा डाव. हातात आहे ते सगळं एकदम लावलं, तर त्याला 'ऑल-इन' म्हणतात.

स्पर्धेत काय वेगळं? सगळे सारखी प्रवेश फी भरतात आणि सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर. दर काही मिनिटांनी सक्तीची बोली, जिला 'ब्लाइंड' म्हणतात, ती वाढत जाते. म्हणजे चांगल्या पानांची वाट बघत गप्प बसून राहिलात, तरी चिप्स झिजत जातात. शेवटी एकाकडे सगळ्या चिप्स येतात. बक्षिसं मात्र बाहेर पडण्याच्या क्रमानुसार वाटली जातात.

या खेळाला ऑनलाइन जगात इतकी गर्दी का झाली, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 2003 साली लास वेगासच्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धा क्रिस मनीमेकर नावाच्या माणसाने जिंकली. आडनाव खरंच मनीमेकर, बरं का. 27 वर्षांचा, टेनेसी राज्यातला, व्यवसायाने हिशेबनीस. 10,000 डॉलर प्रवेश फीच्या त्या स्पर्धेची जागा त्याने 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून मिळवली होती. 839 खेळाडूंत पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला 2,576 जण आले, आणि 2006 मध्ये 8,773. जगभरातल्या माणसांनी एकच निष्कर्ष काढला : हा जर जिंकू शकतो, तर मी का नाही?

या 'मी का नाही'चं उत्तर आता शोधू.

एक स्पर्धा कागदावर मांडू

समजा, एक स्पर्धा आहे. 1,000 खेळाडू. प्रवेशाचे 110 रुपये. त्यातले 100 बक्षिसांच्या रकमेत जातात, 10 रुपये चालवणाऱ्या कंपनीचे. बक्षिसांचे झाले 1 लाख. पहिल्याला 18,000, दुसऱ्याला 13,000, अशी उतरती भाजणी. शेवटच्या टेबलावर पोचणाऱ्या नऊ जणांना मिळून साधारण 63,000. एकूण 150 जणांना काही ना काही मिळतं, पण त्यातल्या खालच्या बहुतेकांना 200 रुपयांच्या आसपास. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्षातल्या स्पर्धांची घडण साधारण अशीच असते.

आता बघा. 1,000 पैकी 850 जण रिकाम्या हाताने जाणार. हे कोणाच्या वाईट खेळाने होत नाही, ही रचनाच आहे. उद्या जगातले सर्वोत्तम 1,000 खेळाडू आणून बसवले, तरी 850 जण हरलेलेच उठतील.

जे 150 जण 'जिंकले', त्यातल्या बऱ्याच जणांनी चार-पाच तास बसून 90 रुपये कमावले. आणि अर्ध्याहून जास्त पैसा नऊ जणांकडे गेला. म्हणजे या खेळात खरा पैसा आहे तो शेवटच्या टेबलावर, आणि तिथे साधारण खेळाडू 1,000 स्पर्धांत नऊ वेळा पोचतो.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा : हरणं हा या खेळातला अपघात नाही, रोजचा दिनक्रम आहे. साधारण खेळाडूला दर स्पर्धेत बक्षीस मिळण्याची शक्यता 15 टक्के. म्हणजे सलग दहा स्पर्धांत काहीच न मिळण्याची शक्यता 0.85 चा दहावा घात, सुमारे 20 टक्के. दर पाच माणसांत एकाला हा अनुभव येणारच. 500 स्पर्धा खेळलात, तर त्यात सलग 20 वेळा रिकाम्या हाताने परतण्याचा काळ एकदा तरी येण्याची शक्यता दहात नऊहून जास्त आहे. तो काळ जेव्हा चालू असतो तेव्हा माणसाला वाटतं, माझ्यावर कोणीतरी करणी केली आहे. करणी वगैरे काही नाही, 0.85 चा विसावा घात आहे.

80 टक्के म्हणजे किती?

दुसरा त्रास 'बॅड बीट'चा. पुढे असताना शेवटच्या पानावर हरणं.

तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आहे. ही पानं 221 डावांत सरासरी एकदा येतात. समोरच्याकडे राजांची जोडी. दोघांनी सगळ्या चिप्स मधे ढकलल्या. तुम्ही जिंकण्याची शक्यता साधारण 82 टक्के. समजा, मधली चार पानं पडली आणि तुम्ही अजून पुढे आहात. आता न दिसलेली पानं 44 उरली, आणि समोरच्याला तारणारे राजे फक्त दोन. 22 त एक. आणि राजा येतो.

आता माणूस काय म्हणतो? 'नेहमी माझ्याच बाबतीत.' पण 22 त एक म्हणजे कधीच नाही असं नव्हे. 22 त एकदा, असंच.

आणि स्पर्धेचा खरा काच तर पुढे आहे. 1,000 खेळाडूंच्या चिप्स एका माणसाकडे यायच्या, म्हणजे विजेत्याच्या चिप्स सुमारे दहा वेळा दुप्पट व्हाव्या लागतात. दोनचा दहावा घात 1,024. समजा, हे दहाही वेळा ऑल-इन करूनच झालं, आणि प्रत्येक वेळी तुम्ही 80-20 ने पुढे होता. म्हणजे प्रत्येक निर्णय सुंदर. तरी दहाच्या दहा डाव तुमच्या बाजूने पडण्याची शक्यता किती? 0.8 चा दहावा घात. सुमारे 11 टक्के. पाच डाव म्हटलं तरी 33 टक्केच. प्रत्यक्षात समोरच्यापेक्षा जास्त चिप्स असल्या तर एक डाव हरूनही तुम्ही टिकता, आणि लहान लहान डावांतूनही चिप्स वाढतात, त्यामुळे चित्र इतकं कठोर नसतं. पण दिशा हीच. रोख पैशांच्या टेबलावर हरलात तर खिशातून आणखी काढून पुढच्या डावाला बसता येतं. स्पर्धेत एक 20 टक्क्यांचं पान चार तासांचं काम पुसून टाकतं.

म्हणून स्पर्धेतून बाहेर पडताना शेवटची आठवण बहुधा अन्यायाचीच असते. आधी कुठेतरी तुमचाही 20 टक्क्यांचा डाव लागला होता, म्हणून तुम्ही इथवर आलात. तो आठवत नाही, कारण तेव्हा आपण त्याला 'माझं धाडस' म्हटलेलं असतं. (हशा)

मग ऑनलाइनच जास्त का होतं?

'मी मित्रांबरोबर प्रत्यक्ष खेळतो तेव्हा असं होत नाही, ऑनलाइन मात्र रोज होतं. म्हणजे यंत्रात घोळ आहे.' ही तक्रार फार ऐकू येते. तिची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर वेगाचं. प्रत्यक्ष टेबलावर पत्ते पिसायचे, वाटायचे, चिप्स मोजायच्या. तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन एका टेबलावर साठ-सत्तर सहज होतात, आणि माणूस एका वेळी चार टेबलं उघडून बसतो. तासाला 280 डाव धरा. म्हणजे दहापट. जी विचित्र गोष्ट प्रत्यक्ष खेळात दहा दिवसांत एकदा दिसली असती, ती इथे रोज दिसते. प्रमाण तेच आहे, फक्त आपण दहापट वेगाने जगतो आहोत. आपल्या मनाची सवय मात्र जुन्या वेगाची आहे.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे : घोळ झालेले आहेत. पण ते कुठे झाले ते बघा.

1999 साली एका अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीतल्या तज्ज्ञांनी त्या काळच्या एका पोकर संकेतस्थळाचा पत्ते पिसण्याचा प्रोग्रॅम तपासला. 52 पानांचा कॅट किती तऱ्हांनी लावता येतो? 8 या आकड्यावर 67 शून्यं दिली तर जवळपास तितक्या. त्या प्रोग्रॅमची सुरुवात मात्र संगणकाच्या घड्याळावरून व्हायची, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावर. दिवसात मिलिसेकंद 8 कोटी 64 लाख. म्हणजे तो कॅट फक्त तितक्याच तऱ्हांनी लागू शकत होता. घड्याळ जुळवून घेतल्यावर शक्यता आणखी कमी झाल्या. आपली दोन पानं आणि मधली पहिली तीन कळली, की उरलेला सगळा कॅट त्यांना संगणकावर दिसत होता. त्यांनी हे जाहीर केलं आणि प्रोग्रॅम बदलावा लागला.

2007 साली ॲब्सोल्यूट पोकर या कंपनीवर आणखी वाईट प्रकरण उघड झालं. एक खेळाडू 1,000 डॉलरची स्पर्धा अशा रीतीने जिंकला की जणू त्याला सगळ्यांची झाकलेली पानं दिसत होती. दुसऱ्या आलेल्या खेळाडूने डावांची नोंद मागितली. कंपनीकडून चुकून सगळ्यांच्या पानांसकट पूर्ण नोंद त्याला गेली. खेळाडूंनी ती एकेक डाव करून तपासली आणि उघड झालं की खरोखरच त्याला पानं दिसत होती. आतल्या माणसांच्या हाती तशी सोय होती.

आणि तिसरा धोका आजचा. 2019 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांचा 'प्लुरिबस' हा प्रोग्रॅम सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवून गेला. तेव्हापासून समोर बसलेला 'खेळाडू' माणूस आहे की प्रोग्रॅम, की प्रोग्रॅमला विचारून खेळणारा माणूस, हा प्रश्न खरा झाला.

पण बघा, या तिन्ही ठिकाणी फसवणूक झाली किंवा होऊ शकते ती *माहितीची*. कोणालातरी जास्त दिसतं. तुमच्या एक्क्यांवर राजा पाडून कोणी मुद्दाम छळावं, याचं कंपनीला काही कारण नसतं. तिचे 10 रुपये तुम्ही हरलात तरी आहेत, जिंकलात तरी आहेत. रागाचा निशाणा चुकतो तो इथे. आपण त्या राजावर चिडतो, आणि दर स्पर्धेत निमूटपणे गेलेले ते 10 रुपये कोणाच्या लक्षातही येत नाहीत. 110 मधले 10, म्हणजे 9 टक्के. साधारण खेळाडू दर स्पर्धेत सरासरी 9 टक्के हरूनच टेबलावर बसतो.

चांगली पानं टाकून द्यायची वेळ

आणखी एक वैताग आहे, तो थोडा सूक्ष्म आहे. बक्षिसं सुरू होण्याच्या जरा आधीच्या टप्प्याला 'बबल' म्हणतात. म्हणजे बुडबुडा. इथे सगळे जण रेंगाळतात, घड्याळ संपेपर्यंत पान खेळत नाहीत. आणि जाणकार सांगतात, अशा वेळी चांगली पानंही टाकून द्या. नव्या माणसाला वाटतं, हा भित्रेपणा आहे.

लहान उदाहरण घेऊ. दहा जणांची स्पर्धा, बक्षिसं 500, 300 आणि 200. चार जण उरले आहेत, प्रत्येकाकडे सारख्या 2,500 चिप्स. खेळ इथेच थांबवून वाटणी केली, तर प्रत्येकाला 250 रुपये. आता तुम्ही एकाशी ऑल-इन केलंत आणि जिंकलात. तुमच्याकडे 5,000 चिप्स, बाकी दोघांकडे 2,500. चिप्स दुप्पट झाल्या, मग तुमच्या जागेची किंमत 500 झाली का? नाही. पहिले येण्याची शक्यता निम्मी, दुसरे येण्याची तिसरा हिस्सा, तिसरे येण्याची सहावा हिस्सा. हिशेब केला की येतात 383 रुपये. हरलात तर शून्य. म्हणजे 250 रुपये पणाला लावून तुम्ही 383 कडे झेपावता. हे परवडायला जिंकण्याची शक्यता किमान 65 टक्के हवी. 50 नव्हे, 65.

एक्का-राजा हातात आहेत आणि समोर राणीची जोडी असेल, तर तुमची शक्यता निम्म्याहून कमीच. दिसायला सुंदर पानं, पण इथे ती टाकायची. स्पर्धेत हरलेली चिप जिंकलेल्या चिपपेक्षा महाग असते. हे ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, आपण शूर होतो आणि नशीब फुटकं होतं. खरं तर तिथे निर्णयच चुकलेला असतो. म्हणजे बघा, एकीकडे बरोबर खेळून हरणं आहे आणि दुसरीकडे चुकीचं खेळून हरणं आहे, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात.

तीन मित्र

आता मी आजच्या मुख्य मुद्द्यावर येतो.

तीन मित्र आहेत अशी कल्पना करा. तिघेही सारखेच हुशार, आणि साधारण खेळाडूच्या दुप्पट चांगले. आपल्या 1,000 जणांच्या स्पर्धेत पहिलं येण्याची त्यांची शक्यता हजारात एक नाही, 500 त एक. तिघेही आठवड्याला पाच अशा 500 स्पर्धा खेळतात. जवळजवळ दोन वर्षं. प्रवेशाला प्रत्येकाचे 55,000 रुपये गेले.

500 स्पर्धांत एकदाही पहिला न येण्याची शक्यता साधारण 37 टक्के. बरोबर एकदा पहिला येण्याची तेवढीच, 37 टक्के. दोन किंवा अधिक वेळा येण्याची 26 टक्के. म्हणजे ढोबळमानाने एक मित्र एकदाही नाही, एक मित्र एकदा, आणि एक मित्र दोनदा. कौशल्य तिघांचं तेच!

दोनदा जिंकलेला काय म्हणेल? 'मला हा खेळ समजला आहे.' तो नोकरी सोडायचा विचार करेल, क्लास काढेल. एकदाही न जिंकलेला म्हणेल, 'यंत्रात घोळ आहे', किंवा त्याहून वाईट, 'माझ्यातच काहीतरी कमी आहे.' दोघेही चूक. त्यांच्यातला फरक नशिबाचा आहे, आणि दोन वर्षं हा काळ तो फरक पुसायला अपुरा आहे.

मग किती काळ पुरेल? आपल्या या स्पर्धेचा हिशेब केला, तर एका स्पर्धेतल्या निकालाचा झोका, ज्याला सांख्यिकीत प्रमाण विचलन म्हणतात, तो प्रवेशाच्या साधारण साडेसात पट येतो. समजा, तुम्ही खरोखर इतके चांगले आहात की सरासरी 20 टक्के नफा व्हावा. 500 स्पर्धांत अपेक्षित नफा 11,000 रुपये. नशिबाचा झोका दोन्ही बाजूंना 19,000 च्या आसपास. म्हणजे चांगला खेळाडू दोन वर्षांनी तोट्यात असणं अगदी नेहमीचं, आणि वाईट खेळाडू नफ्यात असणंही नेहमीचं. तुमचा 20 टक्के नफा कौशल्याचा आहे, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला सुमारे 5,800 स्पर्धा लागतील. आठवड्याला पाच धरल्या, तर 22 वर्षं!

आता मला सांगा, ज्या शाळेत निकाल 22 वर्षांनी लागतो, तिथे माणूस शिकणार कसा? स्वयंपाकात मीठ जास्त झालं तर पहिल्या घासाला कळतं. इथे चुकीला बक्षीस मिळतं, बरोबर निर्णयाला शिक्षा मिळते, आणि खरं काय ते कळायला अर्धं आयुष्य जातं. माझ्या मते वैतागाचं मूळ इथे आहे. पैसे जातात ते एक दुःख, पण *आपण चांगले आहोत की नाही हेच न कळणं*, हे त्याहून मोठं.

आणि याच धुक्यात जुगाराचं व्यसन वाढतं. कारण खेळ पूर्ण नशिबाचा असता तर माणूस कधीतरी सोडून देतो. पूर्ण कौशल्याचा असता तर हरणाऱ्याला लवकर कळतं. इथे कौशल्य खरंच आहे, आणि नशीब ते झाकून टाकण्याइतकं मोठं आहे. त्यामुळे 'मी चांगला आहे, फक्त नशीब साथ देत नाही' हे वाक्य कायम खरं *असू शकतं*. ते खोटं ठरवणारा पुरावा कधी वेळेवर येत नाही.

टिल्ट

जुन्या पिनबॉलच्या यंत्राला रागाने हलवलं, की त्यावर 'टिल्ट' अशी पाटी लागून यंत्र बंद पडायचं. पोकरवाल्यांनी तो शब्द उचलला. चिडलेला माणूस मुद्दाम जास्त पैसे लावू लागतो, त्याला म्हणतात 'तो टिल्टवर गेला'. फरक एवढाच की यंत्र बंद पडायचं, माणूस बंद पडत नाही. (हशा)

डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख बरंच मोठं असतं, आणि तोट्यात असलेला माणूस एरवी घेणार नाही असे धोके पत्करतो. आता या माणसासमोर ऑनलाइन स्पर्धा ठेवा. रात्रीचे दोन वाजले आहेत. बाहेर पडल्याक्षणी पडद्यावर बटण येतं : पुन्हा प्रवेश घ्या. प्रत्यक्षात खेळणारा माणूस निदान उठून दारापर्यंत चालतो, पानवाल्याकडे जातो, घरी येतो. तेवढ्यात राग उतरतो. इथे राग आणि पुढचे 110 रुपये यांच्यात एका बोटाचं अंतर आहे.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच आहे. महाभारतातल्या नळाच्या कथेत नळ द्यूतात सगळं हरतो, कारण त्याला थांबता येत नाही. पुढे ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून फळांची संख्या सांगतो. नळ रथ थांबवतो आणि फळं मोजून पाहतो. संख्या जुळते. मग त्या राजाकडून तो अक्षविद्या शिकतो. कथेत काही असो, मला त्यातला क्रम आवडतो : आधी थांबला, मग मोजलं, मग शिकला. आपल्याकडे खेळणारे बहुतेक जण मोजतच नाहीत. जिंकलेल्या 18,000 चा फोटो फोनमध्ये असतो, 55,000 ची नोंद कुठेच नसते.

कायद्याबद्दल थोडं

भारतात आता परिस्थिती बदलली आहे. एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के करकपात आली. ऑक्टोबर 2023 पासून खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. आपण 9 टक्क्यांच्या फीची चर्चा केली. तिच्यावर हा भार ठेवून बघा, म्हणजे 20 टक्के नफा करणारा आपला आदर्श खेळाडूसुद्धा कुठे जातो ते कळेल. आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद न करता. त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. रमीला कौशल्याचा खेळ म्हणणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1967 चा आहे, म्हणजे हा वाद जुना आहे. पण आजच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात येईल की 'कौशल्य आहे का?' हा प्रश्न अपुरा होता. 'कौशल्य दिसायला किती काळ लागतो, आणि तोपर्यंत घरातलं किती जातं?' हा खरा प्रश्न होता.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, मग शेअर बाजारातल्या रोजच्या खरेदी-विक्रीलाही हेच लागू होतं का?*

गणित बरंचसं लागू होतं. निकालात झोका मोठा, दर व्यवहाराला खर्च, आणि थोड्या काळातल्या नफ्यावरून स्वतःला तज्ज्ञ ठरवण्याचा मोह. फरक असा की शेअर घेऊन शांत बसलात तर त्यामागे एक चालता धंदा असतो. पोकरच्या टेबलावर बाहेरून काही येत नाही. आलेले पैसे तिथेच फिरतात, आणि फी वजा होत राहते.

*प्रश्न : बंदीनंतर परदेशी ॲपवर खेळणारे लोक आहेत. त्यांचं काय?*

कायद्याचा भाग सोडला, तरी हिशेबाचा भाग बघा. आपण आज धरलं होतं की कॅट नीट पिसलेला आहे आणि जिंकलेले पैसे हातात येतात. अनोळखी ॲपवर या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. ॲब्सोल्यूट पोकरचं प्रकरण निदान उघड तरी झालं. इथे पैसे अडकले, तर तक्रार कोणाकडे करणार?

*प्रश्न (एका श्रोत्या बाई) : माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. रात्रभर खेळायचा. काही बोललं की म्हणतो, 'आई, तुला यातलं कळत नाही, हा कौशल्याचा खेळ आहे.' त्याला काय सांगू?*

ताई, कौशल्य नाही असं म्हणून वाद घालू नका. तो वाद तो जिंकेल, कारण कौशल्य आहे. त्याच्याकडे एकच गोष्ट मागा : वही. प्रत्येक स्पर्धेची तारीख, भरलेले पैसे, मिळालेले पैसे आणि गेलेले तास. भरलेल्या पैशांचा आकडा बँकेच्या नोंदींवरून काढायचा, आठवणीतून नाही. कौशल्याचा खेळ खेळणारा माणूस हिशेबाला घाबरत नाही. वही दाखवली, तर तुमच्याकडे बोलायला निदान खरे आकडे असतील. दाखवत नसेल, चिडत असेल, उधारी लपवत असेल, झोप गेली असेल, तर तो प्रश्न आता पोकरचा राहिलेला नाही, तब्येतीचा आहे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तो बोलायला तयार नसेल, तर तुम्ही स्वतः फोन करून विचारा. आणि त्याला हरल्याबद्दल टोमणा मारू नका. हरणं त्या खेळात ठरलेलंच असतं, हे आज आपण पाहिलं. आपल्याला बोलायचं आहे ते थांबण्याबद्दल.

वेळ संपली आहे.